दुखणं रविवारचं, घाम शनिवारचा

पत्र थोडक्यात असं : लिहिणारा ३६ वर्षांचा, बेळगावचाच, उद्यमबागेत एका फौंड्रीत भट्टीवर काम करतो. दर रविवारी सकाळी सात ते नऊ टिळकवाडीतल्या ग्राउंडवर शाळेपासूनच्या दोस्तांबरोबर फुटबॉल. मॅच संपली की सगळे गाड्या काढून शहापूर शिवारात एका दोस्ताच्या मळ्यावर जातात, तिथं टबात बर्फ घालून बिअर ठेवलेली असते आणि पहिली बाटली ‘घामाचं पाणी भरून काढायला’ म्हणून रिकाम्या पोटीच उघडली जाते. मळेवाला दोस्त सांगतो की स्पेनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, व्यायाम झाल्यावर पाण्यापेक्षा बिअर भारी, आणि लघवी पांढरी स्वच्छ होते हाच पुरावा. याच्या दोन मोठ्या स्ट्राँग होतात. एकला जेवण, दीडला गाडीवरून घरी, दोनपासून डोकं असं ठणकतं की गोळी घेऊन पडदे ओढून झोपायचं, संध्याकाळी पोरगी बागेत चल म्हणते तर उठवत नाही. बायको म्हणते बिअर सोडा नाहीतर फुटबॉल सोडा. हा म्हणतो मी दारुडा नाही, आठवड्यातून एकदाच घेतो, आणि मळ्यावर नको म्हटलं तर पोरं लगेच ‘काय रे, घरातनं परमिशन न्हाई मिळाली काय’ म्हणून चालू होतात. जाता जाता त्यानं हेही लिहिलंय की शनिवारी सेकंड शिफ्ट असते, रविवारी निघताना फक्त चहा होतो, मॅचमध्ये अर्धा लिटर पाणी, आणि ग्राउंडवरून गाडीला किक मारतानाच कपाळ जड असतं. प्रश्न दोन : बिअरनं पाणी खरंच भरून निघतं का, आणि निघत नसेल तर पोरांना सांगायचं कसं?

अक्काचं उत्तर :

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं की चोर सापडला, बाटली, विषय संपला. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळी डोळ्यात भरल्या, ज्या तू अगदी सहज लिहून टाकल्यास. शनिवारची सेकंड शिफ्ट, सकाळचा नुसता चहा, आणि किक मारतानाच जड झालेलं कपाळ. अरे, किक मारताना तर तू बिअरचा थेंबही घेतलेला नसतोस. मग ते डोकं कुणाचं?

म्हणून बिअरकडं नंतर येते, बर्फात आहे ती, कुठं पळून जात नाही.

आमच्या गल्लीत निम्मी घरं उद्यमबागेत कामाला जाणाऱ्यांची होती. संध्याकाळी माणसं परत यायची तेव्हा काळ्यानिळ्या शर्टांच्या पाठीवर पांढरा नकाशा उमटलेला असायचा, कडा अशा वाळलेल्या की नखानं खरवडल्यावर पीठ निघावं. लहानपणी मला तो चुना वाटायचा. ते मीठ. घामाच्या एका लिटरमागं साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे आपल्या स्वयंपाकातलं मीठ धरलं तर अडीच ग्रॅम, सपाट अर्धा चमचा. कुणाचं यापेक्षा बरंच कमी जातं, कुणाचं दुप्पट, ज्याच्या शर्टावर नकाशा ठळक त्याचं जास्त. आता तू भट्टीपाशी आठ तास उभा, लोखंड ओतायचं, हातात जाड मोजे, अंगावर जाड कपडा, तिथं घाम किती जात असेल ते तूच मला सांगायला पाहिजेस. आणि माझा अंदाज असा की शेवटच्या दोन-तीन तासात तू पाणी पीत नाहीस, कारण कामाच्या नादात सुचत नाही आणि सुटल्यावर घरी जाऊन जेवायचंच असतं. घरी येऊन जेवून झोपायला एक, सहाला उठायचं, एक कप चहा, आणि सातला शिट्टी. म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधीच तू अर्धा सुकलेला असतोस रे. त्यावर दोन तास पळापळ.

माझा भाचा पण खेळतो, गेल्या उन्हाळ्यात त्याला मी एक उद्योग लावला. मॅचला जायच्या आधी लघवी करून नुसत्या चड्डीवर वजन करायचं आणि आल्यावर अंग पुसून परत तसंच वजन करायचं, ओला शर्ट धरायचा नाही, त्यातच पाव किलो घाम असतो. जाताना ७४ किलो, येताना ७२.४. मधे अर्धा लिटर पाणी प्यालेला, म्हणजे अंगातून दोन लिटरच्या वर गेलं. तो म्हणाला, मावशी, दीड किलो बारीक झालो बघ! मी म्हटलं बारीक न्हाई झालास, वाळलास. अंगाच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास पाणी कमी झालं की पायातला दम जातो, डोकं जड होतं, चिडचिड होते. तू नेमकं हेच लिहिलंयस, फक्त त्याचं खापर बिअरवर फोडलंयस. उद्या बायकोचं ऐकून बिअर पूर्ण बंद केलीस आणि बाकी सगळं हेच ठेवलंस, तरी रविवारी दुपारी डोकं दुखेल, थोडं कमी दुखेल पण दुखेल, आणि मग तू म्हणशील बघा, बिअर नव्हतीच कारण, आणि परत चालू. म्हणून आधी हे सांगितलं.

आता ती बाटली.

आपल्याकडं रोज पेपरात राकसकोप धरणाची पातळी येते ना, किती फूट खाली गेली. पातळी खाली गेली की पाणी सोडणारा माणूस हात आखडता घेतो. अंगातही तसाच एक वॉल्व्हमन आहे. पाणी कमी झालं की मेंदूतून व्हासोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि किडनीला सांगतं, बाबा, आता सोडू नको, राखून ठेव. म्हणून घामाघूम झाल्यावर लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. अल्कोहोल पोटात गेलं की या वॉल्व्हमनला डुलकी लागते. धरण तळाला आणि नळ मोकळा! तुझ्या दोस्ताला जो पुरावा वाटतो, पांढरी स्वच्छ लघवी, तो हाच मोकळा नळ आहे. एरवी लघवीचा रंग बघून पाणी पुरेसं झालं का ते कळतं, पण बिअर पोटात असताना तो रंग खोटं बोलतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

हिशोबानं सांगते. १९४२ साली एगलटन नावाच्या इंग्लंडमधल्या बाईंनी हे मोजून ठेवलंय, एक ग्रॅम अल्कोहोलमागं साधारण दहा मिली जादा लघवी. साधी पाच टक्केवाली ६५० मिलीची बाटली घेतली तर तिच्यात अल्कोहोल २६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २६० मिली जादा बाहेर जाणार, तरी काहीतरी अंगात उरतं. पण तुझी स्ट्राँग. बाटलीवरचा कागद कधी वाचलायस काय? बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, अल्कोहोल आठ टक्क्यांपर्यंत. आठ धरलं तर एका बाटलीत ४१ ग्रॅम, दोनमध्ये ८२, म्हणजे १३०० मिली प्यायचं आणि त्यातलं ८०० मिली जादाचं म्हणून सोडून द्यायचं. हां, एक गोष्ट खरी, अंग आधीच सुकलेलं असेल तर किडनी थोडी जास्त धरून ठेवते, त्यामुळं हा आकडा तुझ्या बाबतीत जसाच्या तसा लागू होईलच असं नाही, कमी भरेल. पण दिशा तीच.

आणि मीठ? बिअरमध्ये सोडियम जवळजवळ नसतंच म्हण, शंभर मिलीला चार-पाच मिलीग्रॅम. तुझ्या शर्टावरचा नकाशा भरून काढायला किती पिंप लागतील ते तूच काढ. मीठ नसलं की प्यालेलं पाणी अंगात टिकत नाही, आलं तसं जातं, हे साध्या पाण्यालाही लागू आहे बरं का, एकट्या बिअरला नाही.

स्पेनचं प्रकरण मी मुद्दाम शोधून वाचलं, कारण तुझा दोस्त अगदीच थापा मारत नाहीये. २००७ साली ग्रानादा विद्यापीठातले प्राध्यापक मानुएल कास्तियो यांच्या नावानं ही बातमी जगभर फिरली, घाम गाळल्यावर बिअर पाण्यापेक्षा बरी म्हणून, आणि पिणाऱ्यांनी ती जपून ठेवली, ती अजून फिरतेय. त्याच गटाचा सविस्तर पेपर आला २०१५ मध्ये. त्यात काय केलं होतं, तर सोळा पुरुषांना उकाड्यात तासभर ट्रेडमिलवर पळवलं, नंतर एका वेळी नुसतं पाणी हवं तेवढं, आणि दुसऱ्या वेळी ६६० मिली साधी बिअर, साडेचार टक्केवाली, आणि त्यावर परत पाणी हवं तेवढं. निष्कर्ष काय? तेवढ्या बिअरनं पाणी भरून निघण्यात बिघाड झाला नाही. बास. ‘बिघाड झाला नाही’ आणि ‘पाण्यापेक्षा भारी’ यात बेळगाव ते बेंगळुरूएवढं अंतर आहे. आणि ते ‘त्यावर पाणी हवं तेवढं’ तुमच्या मळ्यावर पोचेपर्यंत गळून पडलं.

त्याआधी १९९७ मध्ये स्कॉटलंडला अ‍ॅबर्डीनमध्ये अजून साधा प्रयोग झालेला. लोकांना घाम काढून दोन टक्के वजन कमी करायला लावलं आणि जेवढं गेलं त्याच्या दीडपट पेय दिलं, कधी बिनअल्कोहोलचं, कधी एक टक्का, दोन टक्के, चार टक्के अल्कोहोलचं. दोन टक्क्यांपर्यंत फारसा फरक नाही. चारला लघवी वाढली आणि पाण्याचा हिशोब उशिरा जुळला. तुझी आठ.

बिअरची बाजूही मांडते, नाहीतर म्हणशील अक्का एकतर्फी. २०१६ साली ब्रिटनमध्ये तेरा पेयांची तुलना झाली, धड विश्रांती घेतलेल्या, पाण्याची कमतरता नसलेल्या माणसांवर, कोणतं पेय अंगात जास्त वेळ टिकतं म्हणून. त्यात साधी लागर बिअर पाण्याच्या बरोबरीत आली. चहा, कॉफी, कोलाही बरोबरीत. पुढं गेलं कोण माहितीये? दूध आणि ओआरएस. तुझ्या दोस्ताला सांग, घरातली म्हैस जिंकली.

पण मग पहिला घोट घेताना जे वाटतं ते काय? ते खोटं नाही रे. तहान पोटात नाही, आधी तोंडात आणि घशात भागते. गारवा, गॅस, कडवटपणा, हे सगळं मेंदूला लगेच ‘मिळालं, मिळालं’ म्हणून कळवतं, रक्तात पाणी पोचायच्या कितीतरी आधी. बिअरचं तेच कसब आहे. म्हणून तुला वाटतं भरलं, आणि तू साधं पाणी पितच नाहीस. बिअरनं काढून नेलेल्या पाण्यापेक्षा तिच्यामुळं न प्यालेलं पाणी जास्त महागात पडतं, माझं तरी हेच मत झालंय.

मला हे घरातच बघायला मिळालंय. आमचा धाकटा भाऊ, आता पन्नाशीला आलाय, तरणा होता तेव्हा कबड्डीचा भक्त. मे महिन्यात खानापूरकडच्या एका गावात टुर्नामेंट, दिवसभर मातीत लोळून फायनल हरले, येताना दोस्तांबरोबर दोन बाटल्या, रिकाम्या पोटी. घरी आला आणि अंगदुखी म्हणून बंबातलं कढत पाणी घेऊन न्हाणीत बसला. उठताना डोळ्यांपुढं अंधारी, सरळ बंबावरच कपाळ. चार टाके. आधीच पाणी कमी, अल्कोहोलनं आणि गरम पाण्यानं शिरा सैल झालेल्या, उठल्याबरोबर रक्तदाब खाली. आप्पा तालमीतले होते, आम्हाला वाटलं आता हाडं मोडणार याची. आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गोठ्यात त्याला बोलावून एवढंच म्हणाले, बैल औताचा सुटला की आधी पाणी दाखवतात, मग पेंड घालतात. बैलाला कळतंय.

त्यामुळं मी तुला बिअर सोड म्हणत नाहीये. सोडलीस तर उत्तमच, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय की अल्कोहोलची सुरक्षित अशी मात्रा नाही. पण तुला मी उपदेश करायला बसले तर पुढचं पत्र लिहायचाच नाहीस. मी म्हणते क्रम बदल, आणि मळ्यावरच्या बाटलीला ‘पाणी भरून काढणं’ हे नाव देऊ नको. घ्यायची तर बिअर म्हणून घे, औषध म्हणून नको.

क्रम कसा, ते सांगते. शनिवारी शिफ्टमध्ये बाटली जवळ ठेव, दर अर्ध्या-पाऊण तासाला पेलाभर, आणि शिफ्ट सुटल्यावर जेवताना ताक. सकाळी उठल्याउठल्या दोन पेले पाणी, चहाच्या आधी, आणि एक केळं किंवा रात्रीची अर्धी भाकरी काहीतरी पोटात जाऊ दे. मॅचमध्ये अर्धा लिटर कमी पडतंय, लिटरभर ने आणि हाफटाइमला पी. मॅच संपल्यावर वजनाचा तो उद्योग दोन-तीन रविवार करून बघ. एक किलो कमी भरलं तर दीड लिटर प्यायचं, कारण काही लघवीतून जाणारच, दीड किलो कमी भरलं तर सव्वादोन लिटर. हे एका दमात ढोसायचं नाही, तीन-चार तासांत थोडं थोडं. नुसतं पाणी भराभर जास्त प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, तेही वाईट, मळमळ आणि डोकेदुखीपासून थेट फिट येण्यापर्यंत जातं ते.

काय प्यायचं? यासाठी दुकानात जायची गरज नाही. ताक, किंवा मज्जिगे म्हण, आपल्याकडं दोन्ही चालतं, लिटरला सपाट अर्धा चमचा मीठ, चेचलेलं आलं, कोथिंबीर. वेळ नसेल तर नंदिनीची मसाला मज्जिगेची पाकिटं कोपऱ्यावर मिळतात, त्याला पाण्याची जोड दे. नाचण्याची आंबील ताक घालून, ही तर आपल्या शिवारातली जुनी गोष्ट, पाणी, मीठ आणि पोटाला आधार तिन्ही एकाच तांब्यात, उन्हातून आलेल्या माणसाला आजी आधी तीच द्यायची. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चालतं, लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यापेक्षा मीठ जास्त नको. हे काही फॅन्सी नाही, १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पिंपातून वाटून हजारो माणसं वाचवली. मेडिकलमधून ओआरएस घेणार असशील तर पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलाय का बघ, नुसतं नाव बघून गोड ज्यूसचा डबा उचलू नको. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, असल्या गोड पेयांना ओआरएस नाव लावायला बंदी घातली ती उगीच नाही. आणि साधं सांगू का, सोबत नीट खारट-तिखट जेवण असेल, भाकरी-पिठलं-लोणचं, तर साधं पाणीही पुरतं, मीठ ताटातूनच मिळतं.

म्हणून मळ्यावर जेवण एकऐवजी साडेदहाला आणता येतंय का बघ. सगळ्या पत्रात मला हीच एक गोष्ट सगळ्यात सोपी वाटली. पोटभर जेवलेला आणि लिटरभर ताक प्यालेला माणूस दोन स्ट्राँग पीत नाही, पिऊच शकत नाही. एक साधी पिंट घेईल, ३३० मिलीची, आणि गप्पा मारेल.

गोळीचं वेगळं सांगते, रागावून सांगते. सुकलेलं अंग, पोटात दारू आणि त्यावर डोकेदुखीची गोळी, हे पुन्हा करू नको. आयबुप्रोफेनसारखी असेल तर जठराला आणि पाणी कमी असलेल्या किडनीला त्रास, पॅरासिटामॉल असेल तर लिव्हरवर अल्कोहोलचा आणि तिचा असा दुहेरी भार. डोकं दुखतंय तर आधी मीठ घातलेलं पाणी पी, सावलीत पड.

आणि दीडला गाडी. यावर मी गंमत करणार नाही. कायद्यानं शंभर मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालतं. सत्तर किलोच्या पुरुषाला रिकाम्या पोटी एक साधी मोठी बाटली घेतली तरी साधारण ५०-५५ पर्यंत जातं, आणि उतरतं तासाला पंधराच्या आसपास. तुझ्या दोन स्ट्राँग, तीन तास गेले धरले तरी दीडला तू शंभरच्या वरच असणार, मर्यादेच्या तिप्पट-चौपट. मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमाखाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पण दंडाचं सोड, शिवारातल्या त्या अरुंद रस्त्यावर समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येतो तेव्हा ब्रेक दाबायला लागणारा अर्धा सेकंद तुझ्याकडं नसतो. मळ्यावर घेतलीस तर गाडी मळ्यावरच राहू दे, रिक्षा कर, नाहीतर न पिणाऱ्याच्या मागं बस.

आता पोरांचं. तू लिहिलंस की नको म्हटलं की चेष्टा करतात. मला विचारायचंय, तू कधी नुसतं नको म्हणून बघितलंयस, की नको म्हणताना कारण पण देतोस? कारण दिलं की चर्चा सुरू होते, तब्येत म्हटलं की स्पेन काढणार, बायको म्हटलं की परमिशन काढणार. ‘आज गाडी माझ्याकडं हाय, तुम्हांस्नी सोडतो’ म्हटलं की गप्प बसतात बघ, कारण सोडणारा सगळ्यांनाच पाहिजे असतो. हातात काहीतरी असू दे, स्टीलच्या पेल्यातलं ताकही लांबून पेलाच दिसतो. दुसरी भरायला आले की हात आडवा धरून ‘साकु’, म्हणजे कन्नडमधलं ‘पुरे’, म्हण आणि विषय मॅचकडं ने, कुणी कुठला गोल घालवला. आणि एका रविवारी तूच पाच लिटरचा ताकाचा कॅन आणि पोहे घेऊन आधी मळ्यावर पोच, बर्फाच्या टबात कॅन ठेव. काय होईल सांगते, निम्मी पोरं आधी ताकच पितील, त्यांचीही डोकी दुखत असतात, बोलत कुणी नाही एवढंच.

बायकोला मात्र खरं सांग. ती बाटलीवर चिडलीय असं तुला वाटतंय, मला वाटतं ती पडद्यांवर चिडलीय, दुपारी ओढलेल्या. फुटबॉल सोडायचा प्रश्नच नाही. तिला म्हण, चार रविवार बघूया, संध्याकाळी पाचला मी पोरीला बागेत नेणार. चार रविवार केलंस आणि लक्षात आलं की एकही रविवार बाटलीशिवाय जात नाहीये, ठरवून पण जात नाहीये, तर मग ते पाण्याचं किंवा डोकेदुखीचं प्रकरण राहत नाही, त्यासाठी वेगळं पत्र लिही किंवा १४४१६ वर फोन कर, टेलिमानसची सरकारी फुकट लाईन आहे, नाव सांगावं लागत नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी पण दोन शब्द, कारण असली पत्रं मला खेळणाऱ्यांकडून, डोंगर चढणाऱ्यांकडून, येळ्ळूरच्या गडावर सायकल मारणाऱ्यांकडूनही येतात. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामानंतर रिकाम्या पोटी बिअर अजिबात नको, साखर अचानक खाली जाते आणि लोकांना वाटतं माणूस प्यालाय. बीपी किंवा किडनीचं दुखणं असेल तर वर सांगितलेलं मीठ डॉक्टरांना विचारूनच. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांना बिअर पायाच्या दुखऱ्या अंगठ्याची आठवण करून देतेच. आणि मुतखड्याला बिअर चांगली म्हणणारे काका प्रत्येक गल्लीत एक असतात, त्यांना नमस्कार करायचा आणि सोनोग्राफी करून घ्यायची, अडकलेल्या खड्यामागं एकदम लघवीचा लोंढा आला तर कळ वाढते, खडा हलत नाही. ज्यांना चवच आवडते त्यांना आता शून्य टक्केवाली बिअर मिळते, २००९ च्या म्युनिक मॅरेथॉनला पळणाऱ्यांवर बिनअल्कोहोलच्या बिअरचा अभ्यास झाला होता, तीन आठवडे आधीपासून पाजली तर नंतरची सर्दी-पडसी कमी दिसली. लक्षात घ्या, बिनअल्कोहोलच्या.

उन्हात खेळताना कुणी बडबडायला लागला, घाम थांबून अंग भट्टीसारखं तापलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर ताक नको बिअर नको काही नको, सावलीत आणून अंगावर पाणी ओता आणि दवाखाना गाठा.

बाळा, वजनाचे आकडे मला पाठव, शनिवारी रात्रीचं, रविवारी सकाळचं आणि मॅचनंतरचं, तिन्ही. आणि मळेवाल्या दोस्ताला माझ्याकडून विचार, ग्रानादाच्या त्या सोळा जणांना स्ट्राँग कुणी दिली होती म्हणून.